आपोआप फुटलेलं दूध

कंदुरीच्या जेवणात मला हमखास एका कोपऱ्यात बसवतात. शिरूर कासार तालुक्यातल्या गावांमधून जनावरांची औषधपाण्याची कामं करत फिरायला लागून मला आता बरीच वर्षं झाली. ज्याची गाय किंवा बैल आपल्या हातून बरा झाला, तो माणूस नवसाचं बोकड कापतो तेव्हा डॉक्टरला बोलावल्याशिवाय राहत नाही. मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे, पण हे सांगत बसायचं मी कधीच सोडून दिलंय. मंडपात सगळी माणसं रश्श्यात भाकरी कुस्करत असतात आणि मी आपला रिकाम्या पत्रावळीसमोर. मग कुणीतरी गरजतं, "आरं डाक्टर खात न्हाईत बे! त्यांचं पनीर आना!" सगळा मंडप माझ्याकडे वळून बघतो, आणि ढाब्यावरून बांधून आणलेले चार चौकोनी तुकडे लाल तेलावर तरंगत माझ्यासमोर येतात. देणाऱ्याच्या चेहऱ्यावर इतकी माया असते की मी ते निमूट गिळतो. खोडरबर आहे असं म्हणायची सोय नसते.

आमचं घर नांदूरघाटचं, किराणा दुकानाचं, गळ्यात लिंग बांधणारं. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलं नाही कधी. लहानपणी पनीर हा शब्दही आमच्या कानावर नव्हता. दूध फुटलं की आई दोन मिनिटं हळहळायची, मग त्यात गूळ घालून आटवायची आणि त्या तपकिरी, रवाळ चुऱ्याची एकेक मूठ आम्हा भावंडांच्या हातावर ठेवायची. दूध फुटावं म्हणून आम्ही मनातल्या मनात देवाला विनवायचो. आई गेली, दुकान भावाकडे गेलं. माझं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. त्याबद्दल इथं एवढंच. पुढं एकटा राहायला लागल्यावर रविवारी काहीतरी वेगळं खावं असं वाटायचं, आणि शाकाहारी माणसाला वेगळं म्हणजे काय, तर पनीर. दुकानातलं आवडेना, म्हणून मी घरीच करायला लागलो.

पनीरला स्वतःची चव नसते म्हणणाऱ्या लोकांशी मी वाद घालत नाही. त्यांनी म्हशीच्या धारोष्ण दुधाचं, तासाभरापूर्वी केलेलं पनीर खाल्लेलं नसतं. दूध वर आलं की गॅस बंद करायचा, जरा थांबायचं आणि लिंबाचा रस थोडा थोडा सोडायचा. एकदम ओतला की पनीर चिवट होतं. दूध आणि पाणी वेगळं झालं की धोतराच्या मऊ फडक्यात ओतायचं, वरून गार पाणी घालायचं म्हणजे आंबटपणा जातो, आणि गाठ मारून दाबायचं. दाबायला माझ्याकडे कॉलेजातलं जनावरांच्या रोगांवरचं जाडजूड पुस्तक आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते गाठोड्यावर ठेवतो. नोकरीत त्या पुस्तकाचा एवढा उपयोग कधी झाला नाही. भाजी मी काजू-मलईच्या वाटणात करत नाही. भावजय दरवर्षी येसरचा डबा देते, म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले एकत्र दळलेलं पीठ, लग्नाघरच्या आमटीत घालतात ते. त्याचा दाट, काळपट रस्सा करायचा आणि उकळी आली की पनीर तसंच, न तळता, त्यात सोडायचं. एवढं सगळं करून मी ताट वाढून घ्यायचो आणि समोर बघायचो, तर भिंत.

त्या भिंतीच्या पलीकडे घरमालकीण मावशी राहायच्या. सत्तरीच्या, माळकरी, बोलायला फटकळ. त्यांचा मुलगा आणि सून दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, पार कोल्हापूरच्या बाजूला. आमच्या गल्लीतली बहुतेक घरं तशीच. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं चढायची, धुरळा उडायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत कुलपं. मागं राहायची ती म्हातारी माणसं, कुत्री आणि मी. मावशींच्या मागच्या अंगणात एक म्हैस होती. तिच्या दुधाचा रतीब लावणारी घरंच गेल्यामुळं हिवाळाभर दूध उरायचं. मी रोज संध्याकाळी किटली घेऊन जायचो आणि गरज असो-नसो, जास्तच दूध घ्यायचो.

खरं सांगायचं तर मी दुधासाठी जात नव्हतो. मावशी धार काढायच्या, मी ओट्यावर बसायचो. धार काढून झाली की त्या पदराला हात पुसत शेजारी बसायच्या आणि म्हणायच्या, "लावा." मी माझ्या फोनवरून त्यांच्या मुलाचा नंबर लावून द्यायचो, कारण त्यांच्या साध्या फोनची बटणं त्यांना दिसायची नाहीत. त्या फोनमध्ये ओरडायच्या, "जेवलास का? थंडी लई हाय का? नीट ऱ्हा." तिकडून तो काहीतरी सांगायचा. मग फोन माझ्या हातात देऊन मला ऐकवायच्या: "म्हनतोय समदं बराबर हाय. आता तुमी जेवा जाऊन." कधी माझ्याकडे निरखून बघायच्या. "डाक्टर, एवढं दूध पेता, अंगाला कावून लागंना?" मी हसायचो. अर्ध्या तासाचं ते बसणं झालं की माझा दिवस संपायचा. घरी जाऊन टीव्ही लावायचो तो फक्त आवाजासाठी.

एकदा मी वाटीत भाजी घालून त्यांच्याकडे नेली होती. त्यांनी दुरूनच पाहिलं आणि माळेवर हात ठेवला. "मटनावानी दिसतंय." मी म्हटलं, "शुद्ध शाकाहारी आहे, मावशी." त्या म्हणाल्या, "आसंल. पर मला नगं." मला राग आला. कशाचं बनतं, कसं बनतं हे समजावत बसलो नाही. वाटी घेऊन परत आलो आणि दोघांचं पनीर एकट्यानं खाल्लं.

त्या हिवाळ्यात एका रविवारी मावशी देवळात गेल्या होत्या. मी दीड लिटर दुधाचं पनीर केलं होतं आणि गाळून उरलेलं हिरवट पिवळं पाणी मोरीत ओतायला निघालो होतो. माझ्या पेशाच्या माणसाला हे कधीच पटलेलं नाही. त्या पाण्यात काय काय सत्त्व असतं हे मी लोकांना तोंड दुखेस्तोवर सांगतो, आणि स्वतः मोरीत ओततो. मागच्या अंगणात म्हशीचं आंबोण भिजत ठेवलेलं होतं, सरकीची पेंड आणि भुसा. मी ते पाणी गार करून त्यात ओतलं आणि घमेलं तिच्यापुढं सरकवलं. म्हैस डोळे मिटून भुरकायला लागली. मी कमरेवर हात ठेवून कौतुकानं बघत उभा राहिलो आणि तेवढ्यात मावशी आल्या.

"काय पाजताव तिला?"

मी मास्तर होऊन सांगायला सुरुवात केली. ताकासारखंच असतं, ताकद येते, दूध वाढतं. "आणि बाहेरचं काही नाही मावशी, तिच्याच दुधाचं पाणी आहे."

"तिच्या दुदाचं? दूध नासलं का?"

"नासलं नाही, मी नासवलं. लिंबू पिळून. ते पनीर करतो ना मी दर रविवारी."

मावशी तिथंच उभ्या राहिल्या. "मुद्दाम?" एवढंच म्हणाल्या. मी मान हलवली. मग त्यांनी माझ्या पायाजवळचं घमेलं उचललं, रस्त्यावर नेऊन पालथं केलं, बादलीभर पाणी आणलं आणि म्हशीचं तोंड धुतलं. ओठ, जीभ, नाकपुड्या, सगळं हातानं चोळून धुतलं. म्हैस मान झटकत होती. मला आधी हसू आलं, मग ते हसू कुठं लपवावं कळेना.

"घरचं मानूस वाटंवर आसताना दूध नासवत न्हाईत," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "आन तुमी नासवून तिचं तिलाच पाजलं. माझ्या घरात. पोरगं वाटंवर हाय माझं, डाक्टर."

त्यांच्या लेखी ऊसतोडीला गेलेला माणूस परत उंबरा ओलांडेपर्यंत वाटेवरच असतो. हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्या घरात फुटलेल्या दुधात गूळ पडायचा, अपशकून नाही. मी जे केलं त्यात काही वाईट नव्हतं असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पण तेव्हा ते मी तिथंच, अंगणात, आवाज चढवून बोलून दाखवलं. ही सगळी खुळं आहेत, म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं आणि घरात गेल्या.

आणि मग, जणू माझी जिरवायची म्हणून, त्याच आठवड्यात म्हशीचा एक सड सुजला. दगडी झाली. ओल्या, घाण जागेवर बसणाऱ्या जनावराला होणारा हा अगदी रोजचा आजार. माझी निम्मी धावपळ त्याच्यापायीच असते. पण मावशींना ते कोण सांगणार? त्यातच मुलाचा फोन लागेनासा झाला. त्यांनी माझ्याकडं येऊन "लावा" म्हटलं नाही. पलीकडच्या म्हाताऱ्याला घेऊन त्या कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जायच्या आणि तिथून कुणाकडून तरी नंबर लावून घ्यायच्या. परत येताना त्यांच्या चालण्यावरूनच कळायचं की लागला नाही.

म्हशीला इंजेक्शन द्यायला मी न बोलावता गेलो. त्यांनी अडवलं नाही. म्हैस धरली, मी औषध सोडलं, कास शेकायला सांगितलं, औषध उतरेपर्यंत दूध पोटात घेऊ नका असं सांगितलं. एरवी जनावर बघून झालं की त्या न विचारता चहा टाकायच्या. त्या दिवसांत त्या भिंतीकडे तोंड करून बसून राहायच्या आणि मी हात धुऊन निघायचो. म्हैस बरी झाली. मी नेहमीसारखी किटली घेऊन गेलो, तर दारातूनच म्हणाल्या, "दूध न्हाई आता."

दूध होतं. माझ्या खोलीत धारेचा आवाज स्पष्ट यायचा. आधी रिकाम्या बादलीवर वाजणारी, मग भरत आलेल्या बादलीत मुरत जाणारी धार. पूर्वी त्या आवाजावर मी चप्पल घालायचो. आता पलंगावर बसून ती संपेपर्यंत ऐकायचो. किटली माझ्या दारातल्या ओट्याशेजारच्या खिळ्याला टांगलेली होती, तिच्यावर धूळ बसली. त्या दिवसांत मला फार एकटं वाटलं. लग्न मोडलं तेव्हासुद्धा इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा भांडायला तरी माणसं होती. आता सगळ्या गल्लीत मला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. कामावर लोक बोलायचे ते म्हशीविषयी, शेळीविषयी. भावाला फोन केला तर तो गिऱ्हाईक करत करत बोलायचा. बीडला गेलो तेव्हा डेअरीतून पाकिटातलं पनीर आणलं, येसर टाकून भाजी केली आणि गॅसजवळ उभ्यानंच दोन घास खाल्ले. उरलेलं गल्लीतल्या कुत्र्याला घातलं. त्यानंही हुंगून जरा विचार केला.

एक गोष्ट मात्र मी रोज करत होतो. धारेचा आवाज थांबला की मावशींच्या मुलाचा नंबर लावायचो. फोनमधली बाई रोज तेच सांगायची, फोन बंद आहे. स्वतःला बजावायचो की फोन बिघडला असेल, पाण्यात पडला असेल, उसाच्या फडात कसली आलीय चार्जिंगची सोय. जनावरांच्या दगडीचा आणि माणसाच्या फोनचा संबंध नसतो हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी लिंबं आणायचं मी बंद केलं. हे कुणाला सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली नसती, पण लाज गेली असती.

एका संध्याकाळी घंटी वाजली. पलीकडून मुलगाच बोलला. फोन खरंच पाण्यात पडला होता, नवा घ्यायला उचल मिळाली नव्हती. "आईला सांगा," एवढं तो म्हणेपर्यंत मी अनवाणी मावशींच्या दारात होतो. काही न बोलता फोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. मग नेहमीसारखं ओरडल्या, "जेवलास का?" बोलणं झाल्यावर फोन पदरानं पुसून माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता 'बसा' म्हणतील. त्या म्हणाल्या, "अजून वाटंवरच हाय त्यो." आणि दार लोटून घेतलं.

पाडव्याच्या पुढं ट्रक परत यायला लागले. गल्लीतली कुलपं निघाली. गोधड्या वाळत पडल्या, भांडणं सुरू झाली, रेडिओ-मोबाईल वाजायला लागले. मावशींचा मुलगा आणि सून आली तेव्हा मी कामावर होतो. संध्याकाळी खोलीवर आलो तर भिंतीपलीकडं पातेली वाजत होती, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. मला बरं वाटलं. त्याच्यामागोमाग असंही वाटलं की आता तर त्यांना माझी काहीच गरज नाही; नंबर लावायलाही नाही. बदलीचा अर्ज करावा असं मी त्या दिवशी ठरवूनच टाकलं. बदली कुठं हवी याचा मात्र विचार करायला लागलो, तर एकही गाव सुचेना.

दोन-तीन दिवसांनी ऊन उतरताना दारावर थाप पडली. मावशी उभ्या होत्या. हातात झाकलेलं पातेलं, पदरानं धरलेलं, अजून गरम. "हे फुटलं," त्या म्हणाल्या. "ऊन लई हाय औंदा. आपोआप फुटलं. तुमच्या कामाचं आसंल तर बगा, न्हाई तर टाकून देते."

मी पातेलं घेतलं. झाकण काढलं आणि वास आला. दूध आपोआप फुटलं की त्याला एक उबट, आंबूस वास येतो, तो मी ओळखतो. हा तो नव्हता. मी मान खाली घालून फडकं दुसऱ्या पातेल्यावर पसरलं आणि ओतायला लागलो. पांढऱ्या गाळात लिंबाची एक बी होती. त्याच्यामागून दुसरी आली. मावशी उंबऱ्यावर बसून बाहेर बघत होत्या.

मी दोन्ही बिया उचलून सदऱ्याच्या खिशात टाकल्या. पनीर दोनदा धुतलं, कारण मावशींनी लिंबू पिळताना हात आखडता घेतला नव्हता. गाठ मारून वर पुस्तक ठेवलं. मावशींनी वळून विचारलं, "हे कशाचं पुस्तक?" मी सांगितलं. "मंग दगडी बी हाय त्यात?" म्हटलं, "आहे." मग बाहेर बघतच म्हणाल्या, "पोरगं घरी आलं माझं. आता काय न्हाई." मला काहीतरी बोलायचं होतं, पण मी येसरचा डबा शोधायच्या निमित्तानं आत गेलो.

भाजी झाली. त्यांनी सुनेला हाक मारून दोन भाकरी मागवल्या. आम्ही माझ्या दारातल्या ओट्यावर बसलो, मधे पातेलं. मावशींनी पहिला तुकडा बोटांनी मोडून बघितला, आतून पांढरा आहे याची खात्री केली आणि तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. दात कमी होते, पण चघळायला त्यात काही नव्हतंच.

"मटनावानी लागत न्हाई," त्या म्हणाल्या.

"तुम्ही माळकरी. तुम्हाला काय ठाऊक मटण कसं लागतं?"

"माळ घालायच्या आदी लई खाल्लंय मी," असं म्हणून त्या खुदकन हसल्या आणि मीही हसलो. इतक्या वर्षांत माझ्या हातचं पनीर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी पहिल्यांदाच खाल्लं होतं. त्यांनी रस्सा भाकरीनं पुसून घेतला, हात धुतले आणि खिळ्यावरची किटली खाली काढली. तिच्यावरची धूळ पदरानं पुसली आणि ती घेऊनच निघाल्या.

पायरीवर थांबून म्हणाल्या, "उद्या बी फुटंल बगा. ऊन काय कमी व्हत न्हाई."

मी खिशावर हात ठेवला आणि म्हटलं, "फुटू द्या, मावशी."